शॅम्पेन, बर्गंडी आणि ओल्या गोणपाटाचा वास

पायपीट (धागाकर्ता)

मंडळी, मागे एका धाग्यावर कुणीतरी म्हणालं होतं की फ्रान्सला राहून आलायस तर वाइनबद्दल लिही, तेव्हा आळस केला, आता पाऊस आहे आणि लाइट पण आहे म्हणून लिहूनच टाकतो. आधीच सांगतो, मी कुठला कोर्स वगैरे केलेला नाही, दोन वर्षं कामानिमित्त पॅरिसला होतो आणि शनिवार-रविवार स्वस्तातलं रेल्वेचं तिकीट काढून भटकायचो एवढीच पात्रता.

सुरुवातीला मी पण तेच करायचो जे सगळे करतात, ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं आणि मग हळूच बाटलीच्या मागचं लेबल वाचून "हां हां, ब्लॅककरंट" म्हणायचं. आता ब्लॅककरंट मी जन्मात खाल्लेलं नाही! गूजबेरीचा तर अजून घोळ, मी वर्षभर समजत होतो की आपला आवळाच, मग कळलं आवळाही नाही आणि रसभरी पण नाही, ते तिसरंच काहीतरी आंबट हिरवं फळ आहे. म्हणजे ज्या फळाची चव माहीत नाही त्याचा वास मला येतोय असं मी लोकांना सांगत होतो.

हे सुटलं ते शॅम्पेन भागात, एपर्नेजवळच्या एका खेड्यात. पॅरिसहून गाडीने सव्वा तास. एपर्नेत ती प्रसिद्ध ॲव्हेन्यू द शॅम्पेन आहे, दोन्ही बाजूंना बड्या कंपन्यांच्या हवेल्या आणि रस्त्याच्या खाली खडूच्या दगडात खोदलेली तळघरं, एकट्या मोएची २८ किलोमीटर. तिथे टूर केली, छान होती, पण चाळीस माणसांच्या घोळक्यात कोण काय वास घेणार. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका बाईंकडे गेलो, घरचीच वेल, घरचीच बाटली, टेबल म्हणजे उलटं ठेवलेलं पिंप. त्यांनी ओतलं आणि मी लगेच माझी फळांची यादी चालू केली तर त्यांनी हात वर करून थांबवलं, म्हणाल्या (माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये मला समजलं तेवढं) हे पुस्तकातलं नको, तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात असा वास कधी यायचा ते सांग.

पुन्हा वास घेतला. आणि खरं सांगतो, भाकरी. चुलीवर फुगलेली भाकरी आरावर जरा जास्त राहते आणि पापुद्रा किंचित करपतो तो. कसंबसं समजावून सांगितलं तर बाई खूश, म्हणाल्या बरोब्बर, ते यीस्टचं काम.

झालं असं की शॅम्पेन दोनदा आंबते. आधी साधी वाइन बनते, एकदम आंबट, कारण हा भाग थंड आहे, द्राक्ष जेमतेम पिकतं. मग वेगवेगळ्या मळ्यांची, आणि बहुतेक वेळा जुन्या वर्षांची राखून ठेवलेली वाइन पण, एकत्र करून ती बाटलीत भरतात, त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच मारतात. यीस्ट साखर खातं, गॅसला बाहेर जायला वाट नाही म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो, आत पाच-सहा ॲटमॉस्फियर प्रेशर तयार होतं, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त! नंतर यीस्ट मरतं आणि तळाशी गाळ होऊन बसतं, आणि ह्या गाळासोबत वाइन जितकी पडून राहील तितका तो भाकरी-खारी-टोस्टचा वास वाढतो. साध्या शॅम्पेनला कायद्याने कमीत कमी १५ महिने बाटलीत ठेवावंच लागतं, एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल तर ३ वर्षं.

मग तो गाळ काढायचा कसा, तर बाटल्या भोकं पाडलेल्या लाकडी फळ्यांत तिरक्या ठेवून रोज थोड्या थोड्या फिरवत उलट्या करत आणायच्या, गाळ मानेत उतरतो, मान गोठवायची, बूच काढलं की बर्फाचा खडा गाळासकट उडून जातो. ही फिरवाफिरवीची युक्ती व्हव क्लिको ह्या शॅम्पेन कंपनीच्या तळघरातली, व्हव म्हणजे विधवा. नवरा १८०५ मध्ये गेला तेव्हा बाई २७ वर्षांच्या होत्या, धंदा स्वतः हातात घेतला आणि १८१६ च्या सुमारास ह्यासाठी भोकं पाडलेलं टेबल वापरात आणलं. दों पेरिन्यों नावाच्या साधूने शॅम्पेन शोधली असं आपण ऐकतो ते मात्र खरं नाही, १६६८ पासून तो ओव्हिलेरच्या मठात तळघर सांभाळायचा हे खरं, पण बुडबुडे म्हणजे त्या काळी वाइन बिघडल्याची खूण, त्याचा प्रयत्न ते होऊ नयेत असाच होता.

तर त्या भाकरीनंतर मी वही केली. लेबल न वाचता आधी आपल्या भाषेत वास लिहायचा. काही नोंदी देतो, आधी वाइनचं नाव मग वास: मर्सो (फ्रान्सच्या बर्गंडी भागातली पांढरी) - लोणी कढवताना तूप व्हायच्या जरा आधी. अल्सासची जुनी रीसलिंग - रॉकेल, खरंच रॉकेल, वातीचा स्टोव्ह विझवल्यावर येतो तो, आणि हा दोष नाही, चांगल्या जुन्या रीसलिंगला येतोच. गेवुर्झ्ट्रामिनर - गुलकंद. उत्तर रोनची सिरा - ताजी कुटलेली मिरी. १५-२० वर्षांची बर्गंडी - ओला पालापाचोळा आणि सारवलेलं अंगण, एका ग्लासात तर चक्क गोठा.

बर्गंडीबद्दल खाली लिहितो, बोटं दुखली.

आगाऊ_कार्टं

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रॉकेल आणि गोठा, आणि ह्याला लोक हजारो रुपये देतात. आमच्या गावाला दोन्ही फुकट होतं राव.

ताईसाहेब

वाचनखूण साठवली. किती छान लिहिलंय! भाकरीचं वाचून अंगावर काटा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मुक्काम_पुणे

लेख रंजक आहे पण स्पष्ट बोलतो, हे सगळं थोतांड आहे. वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्सच्या बोर्दोमध्येच २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे, वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिला, त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्यांची ही गत तर तुमच्या भाकरीचं काय घेऊन बसलात. १९७६ ला पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच लेबल न बघता कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला नंबर दिला होता, पांढऱ्यातही आणि लालमध्येही. सगळा लेबलचा महिमा.

पायपीट

@मुक्काम_पुणे, तो प्रयोग मला माहीत आहे आणि माझ्या मते तो माझ्याच बाजूने आहे. त्या पोरांना काहीच वास येत नव्हता असं त्यातून निघत नाही, शब्द डोळ्यांनी निवडले एवढंच निघतं. लाल दिसलं की डोक्यात लाल फळांचा कप्पा उघडतो. मी तेच म्हणतोय की लेबल, रंग, किंमत हे आधी बोलायला लागतात आणि नाक गप्प बसतं. म्हणून तर वही. आता मी चुकतो तेव्हा निदान माझ्या स्वतःच्या शब्दांत चुकतो :)

आणि १९७६ बद्दल, हो, पण त्यातून इतकंच कळलं की कॅलिफोर्नियात पण भारी वाइन होते. थोतांड कसं झालं?

दिंडोरीकर

धागा वाचत होतो, आता राहवत नाही. मी द्राक्षवाला, थॉमसन (खायची द्राक्षं) आहे आणि दोन एकर वाइनचं शिराझ. बोर्दो बोर्दो चाललंय म्हणून सांगतो, आमच्याकडे बोर्डो म्हणजे प्यायची गोष्ट नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, झालं एक टक्का बोर्डो. पावसाळी हवा पडली की केवडा ह्या बुरशीच्या रोगासाठी (आम्ही डाऊनी म्हणतो) मारायचं. वडील तेच मारायचे. मला कॉलेजात गेल्यावर कळलं की हे त्या गावाचं नाव आहे. तिकडे रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडायचे म्हणून मळेवाल्यांनी मोरचूद-चुना शिंपडला, निळं हिरवं घाण दिसावं म्हणून, आणि मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा नाही. १८८५ साली त्याने ते छापलं.

दुसरं म्हणजे हा केवडा तिकडे आला कुठून तर अमेरिकेतून. १८६० च्या पुढे फिलोक्सेरा नावाची मुळं खाणारी बारीक कीड अमेरिकेतून आली आणि निम्मा फ्रान्स वाळवला, मग उपाय काय तर अमेरिकन जंगली वेलीच्या मुळावर आपली वेल कलम करायची, ती मुळं किडीला दाद देत नाहीत. ती रोपं आणता आणता केवडाही घरात आला. आम्ही पण कलमच करतो, डॉगरीज नावाच्या खुंटावर, पण आमचं कारण कीड नाही, खारं पाणी आणि दुष्काळ.

एक विचारायचंय. ते खडूची जमीन म्हणतात. आमच्याकडे चुनखड लागली की वेल पिवळी पडते, लोह उचलत नाही. तिकडे कसं काय जमतं?

रश्मी_ल्यों

@दिंडोरीकर दादा, काय प्रतिसाद! मी गेली नऊ वर्षं इथे फ्रान्समध्ये आहे, नवरा वाइनच्या दुकानात काम करतो म्हणून ऐकून माहिती. तुमचं बरोबर आहे, शॅम्पेनमध्ये पण सुरुवातीला कलमं पिवळी पडायची, मग चुना सोसणारा खुंट काढला, ४१ बी म्हणतात, तिथे बहुतेक तोच आहे. खडूचा फायदा असा की तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि जास्तीचं खाली सोडतो.

आणि शॅम्पेनमध्ये तोडणी हातानेच करावी लागते, मशीनला बंदी. कारण दोन द्राक्षं (पिनो न्वार आणि मनिये) काळी आणि वाइन पांढरी हवी, साल फुटलं की रंग उतरतो. चार हजार किलो दाबून फक्त २५५० लिटर रस घ्यायची परवानगी आहे, त्यातला पहिला २०५० भारी.

दिंडोरीकर

४१ बी लिहून ठेवतो. धन्यवाद ताई.

पायपीट

आता बर्गंडी. इथे लेबल वाचता आलं नाही तर खिशाला भोक पडतं म्हणून जरा सविस्तर.

बर्गंडीत फळ सोपं, लाल म्हणजे पिनो न्वार, पांढरी म्हणजे शार्दोने, अपवाद थोडे. गुंता सगळा जमिनीचा. एकाच टेकडीचा उतार, वरचा भाग एक दर्जा, मधला दुसरा, खालचा सपाटीचा तिसरा. लेबलवर नुसतं प्रदेशाचं नाव असेल तर दर्जा सगळ्यात खालचा, मग गावाचं, मग प्रमिए क्रू आणि वर ग्राँ क्रू, असे ग्राँ क्रू फक्त ३३. मधल्या उताराला पाणी साचत नाही, ऊन नीट लागतं, माती फार जाडही नाही. दोन मळ्यांमध्ये कधी कधी फक्त बैलगाडीची वाट असते आणि किमतीत दहापट फरक.

आता खोच बघा. जव्रे नावाचं गाव, तिथला सगळ्यात प्रसिद्ध मळा शांबेर्तां. १८४७ मध्ये गावाने मळ्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं, झालं जव्रे-शांबेर्तां. म्हणजे बाटलीवर जव्रे-शांबेर्तां एवढंच दिसलं तर ती गावची साधी वाइन, आणि नुसतं शांबेर्तां दिसलं तर ग्राँ क्रू. नाव जितकं लांब तितकी वाइन स्वस्त! शेजारच्या गावांनी पण पुढे हेच केलं. मी पहिल्यांदा लांब नाव बघून मोठ्या ऐटीत बाटली घेतली होती आणि मित्राला सांगत सुटलो होतो की नेपोलियनची आवडती, तो फ्रेंच मित्र फक्त हसला.

क्लो द वूजो नावाच्या मळ्यात पण गेलो. साधूंनी बांधलेली दगडी भिंत, आत ५० हेक्टर आणि मालक सुमारे ८०. सगळ्यांच्या बाटलीवर नाव तेच, ग्राँ क्रू, पण कुणाचा तुकडा वर उतारावर आणि कुणाचा खाली रस्त्याला लागून ओलसर. म्हणून बर्गंडी घेताना मळ्याच्या आधी माणसाचं नाव बघायचं.

दिंडोरीकर

५० हेक्टर म्हणजे सव्वाशे एकर आणि ८० खातेदार. हा तर आमच्या भाऊबंदकीचा सातबारा झाला. तिकडे पण वाटण्या पाडतात वाटतं.

रश्मी_ल्यों

हो दादा, नेपोलियनच्या कायद्यापासून सगळ्या मुलांना समान वाटा, त्याने बर्गंडीचे तुकडे झाले हे खरं. पण क्लो द वूजोचं जरा वेगळं, क्रांतीत मठाकडून जप्त होऊन ते विकलं गेलं, पण १८८९ पर्यंत अखंडच राहिलं, मग तुकडे करून विकलं आणि मग पुढे वाटण्या. उलटं उदाहरण म्हणजे रोमाने-कोंती हा मळा, १.८ हेक्टर, मालकी एकच, म्हणून तर ती किंमत.

आगाऊ_कार्टं

साडेचार एकर. आमची विहीर आणि बांध धरून तेवढंच भरतं. भाव मात्र विचारू नका.

मालवणी_मसाला

जाता जाता, कुणी शाब्ली (पांढरी वाइन) आणि कालवं खाल्लीत का? मी गोव्यात एका मित्राकडे खाल्ली, त्याने बाटली बाहेरून आणली होती. लोखंडासारखी, समुद्राच्या ओल्या खडकासारखी चव लागते आणि कालवांबरोबर दोन्ही एकच वाटतं. नंतर वाचलं की शाब्लीच्या मातीत जुन्या कालवांच्या शिंपल्यांचे जीवाश्मच आहेत. आता ती चव मातीतून थेट वाइनमध्ये येते की काय ते शास्त्रज्ञ मानत नाहीत, पण ऐकायला बरं वाटतं.

तिखटाचं मात्र सांगा. आमच्याकडे तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, त्याला काय चालेल?

पायपीट

तिखटाला बोर्दोची लाल अजिबात नको, तिखट आणि टॅनिन (तो तुरटपणा, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तो) एकमेकांना चेव आणतात, तोंडाची आग होते. अल्कोहोल कमी आणि थोडी गोडसर अशी रीसलिंग बघ.

शॅम्पेनची खरी सोयरीक तळणाशी. आंबट, थंड, बुडबुड्यांची, तेलाचा तवंग एका घोटात साफ. मी पॅरिसच्या घरी साबुदाणा वडे आणि साधी ब्रूत (म्हणजे गोड नसलेली) शॅम्पेन असा बेत केला होता, फ्रेंच सहकारी रेसिपी मागत बसले. कुणी म्हणेल की अपमान केला शॅम्पेनचा, म्हणू दे.

आणि महाग वाटत असेल तर क्रेमाँ घ्या, क्रेमाँ द बूर्गोन्य किंवा अल्सासची. पद्धत तीच, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, गाव वेगळं म्हणून नाव वेगळं आणि किंमत निम्मी किंवा त्याहून कमी.

खवय्या७२

आपल्याकडे पण हे झालंय मंडळी. नारायणगावला १९८० च्या दशकात इंडाज वाइन कंपनीवाल्यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने फसफसणारी वाइन काढली होती, पायपर-हाइडसीक ह्या शॅम्पेन कंपनीची तांत्रिक मदत होती, ओमर खय्याम नावाने परदेशात विकली जायची. मी एकदाच प्यायलो, मेव्हण्याच्या लग्नात, वासाचं विचारू नका, तेव्हा फक्त बूच किती लांब उडतं ह्यावर पैज होती.

ताईसाहेब

माझा प्रश्न राहिलाच. आमच्या लग्नाला पुढच्या आठवड्यात २५ वर्षं होतात, भाच्याने फ्रान्सहून येताना शॅम्पेन आणलीय. घरात कुणालाच उघडता येत नाही. सासूबाई पण असणार आहेत, फजिती नको. आणि ते हॉटेलात थोडीशी ओतून चाखायला देतात तेव्हा करायचं काय असतं?

पायपीट

आधी अभिनंदन! फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवा, फ्रीजरमध्ये नको. आणि हलवू नका, ते फवारे उडवणं १९६७ साली ल मॉंच्या मोटार शर्यतीनंतर डॅन गर्नी ह्या ड्रायव्हरने सुरू केलं, घरच्या पडद्यांना सोसत नाही. कागद काढा, तारेची जाळी सहा अर्धे वेढे फिरवली की सुटते, पण तेव्हापासून अंगठा बुचावरून उचलायचा नाही. बाटली ४५ अंशात तिरकी, तोंड माणसांकडे नको, बूच घट्ट धरून ठेवायचं आणि फिरवायची ती बाटली. ठो आवाज नाही, सुस्कारा आला पाहिजे.

ग्लास उंच निमुळतेच हवेत असं नाही, साधा वाइनचा ग्लास चालेल, नाक तरी आत जातं. साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे मरतात, गरम पाण्याने धुवा आणि कोरड्या सुती फडक्याने पुसा. गंमत म्हणजे बुडबुडे काचेतून येतच नाहीत, फडक्याचे किंवा हवेतले जे बारीक तंतू चिकटलेले असतात त्यांच्यातून सुटतात, रँसच्या विद्यापीठात ह्यावर संशोधन झालंय. ग्लास अगदी निष्कलंक असेल तर शॅम्पेन मख्ख दिसेल.

हॉटेलचं म्हणाल तर ती चाखणी वाइन आवडली का हे सांगायला नसते, बिघडली आहे का हे बघायला असते. हे मला कळायच्या आधी पॅरिसच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात (नाव नको) मला ओल्या गोणपाटाचा वास आला होता, पावसात भिजून आठवडाभर पडलेलं गोणपाट, पुठ्ठा. मला वाटलं ही भारी वाइनचीच खासियत असेल, वेटरकडे बघून मान डोलावली आणि लाजेकाजेस्तव अख्खी बाटली संपवली. ती बुचाची बाधा होती, बुचातल्या एका रसायनाने होते, अशी बाटली बिनधास्त परत करता येते. त्या दिवशी नाकाने खरं सांगितलं होतं, मीच त्याला गप्प बसवलं.

मुक्काम_पुणे

गोणपाटापुरतं मान्य. थोतांड हा शब्द मागे घेत नाही, पण निम्मा करतो.

आगाऊ_कार्टं

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, पुणेकर निम्म्यावर आले.

आणि धाग्यात कुणी थुंकायचं बोललंच नाही. टेस्टिंगला थुंकतात ना?

पायपीट

थुंकतात, आणि थुंकावंच, दिवसात पंधरा वाइन चाखायच्या तर गिळून सातव्या ग्लासाला नाक बंद पडतं. मला पहिल्यांदा फार लाज वाटली, चारचौघात. मग आजोबांची पितळी पिकदाणी आठवली, ते दोन खोल्या ओलांडून नेम धरायचे, म्हटलं आपल्या रक्तातच आहे हे.

ताईसाहेब (नऊ दिवसांनी)

आले सांगायला. उघडली! सुस्कारा आला अगदी तुम्ही म्हणालात तसा, ह्यांची निराशा झाली, त्यांना ठो हवं होतं. वडे केले होते. मी वास घेऊन खारी म्हटलं, मुलगी सफरचंदाचं साल म्हणाली, सासूबाईंना एक घोट दिला तर म्हणाल्या आंबोळीचं पीठ रात्री भिजवलेलं असतं ना तस्सं, आणि परत ग्लास पुढे केला. लेबलवर खाली बारीक अक्षरात आर.एम. लिहिलंय ते काय असतं? आणि पाव बाटली उरलीय, जाऊबाईंनी चांदीचा चमचा तोंडात उभा ठेवलाय, गॅस जात नाही म्हणे.

पायपीट

आंबोळीचं पीठ वहीत लिहून घेतलं, सासूबाईंना नमस्कार सांगा. आर.एम. म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या द्राक्षांची स्वतः बनवलेली, एन.एम. म्हणजे द्राक्षं विकत घेऊन बनवणारी कंपनी, भाच्याने चांगली निवडलीय. चमच्याने काहीही होत नाही, तो डब्यात ठेवा. घट्ट बसणारं झाकण असेल तर लावा, फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि उद्यापर्यंत संपवा.